ढगाळ किनारा: आकाश कापा, वाळू घ्या

‘ढग असतील तर कॅमेरा बॅगेतच ठेवा’ असं किनाऱ्यावरच्या फोटोंच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. आम्ही नागपूरकर चोवीस तास प्रवास करून समुद्र गाठतो, बॅगेत ठेवायला नाही! ढगांमुळे चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत, डोळे बारीक होत नाहीत. माणसांच्या फोटोंना याहून चांगला उजेड नाही. गोची होते ती पांढुरक्या आकाशाची. फ्रेममध्ये ते जास्त आलं की कॅमेरा फसतो, फोटो काळपट करतो. कॅमेऱ्यात एक्स्पोजर (म्हणजे फोटोचा उजेड) +०.७ ते +१ करा, फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवा. आकाश सपाट असेल तर सरळ कापा आणि ओहोटीची ओली वाळू घ्या. गुहागरला माझे बरे आलेले सगळे फोटो तिथलेच.

अजून एक, जे इथे कुणी म्हटलं नाही. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट किनाऱ्यावर नेला की लेन्सवर वाफ धरते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे कधी होतच नाही, म्हणून पहिल्या सकाळी मला लेन्सच बिघडली वाटली. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून ती बॅग अर्धा तास आधी खोलीबाहेर काढून ठेवा. सराव करायचाच तर जुलैत नागपूरच्या फुटाळा तलावावर जा. ढग तेच, फक्त लाटा नाहीत.