सातारा-सांगलीतल्या बीबीसी मायक्रोवाल्यांचा गट : पहिल्या बैठकीची तयारी काय करावी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सातारा-सांगली पट्ट्यात ज्यांच्याकडे बीबीसी मायक्रो हा ऐंशीच्या दशकातला संगणक आहे त्यांचा गट जमवतोय. केंद्र सरकारच्या १९८४-८५ च्या 'क्लास' प्रकल्पात शाळांना एकॉर्न कंपनीची ही यंत्रं मिळाली होती. त्यातली काही अजून माळ्यावर आणि प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत. सध्या चार मॉडेल बी (त्यातलाच एक प्रकार) आणि सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे दोन डबे समोर आलेत. दिवाळीनंतर कराडला बसू, दोन्ही बाजूंना मधलं पडतं. विचारायचं असं की, इतकी वर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावावं का? फ्लॉप्या कशा वाचायच्या? आणि वर्गणी काढून गटाने काय घ्यावं?

सोल्डर_सातारा
थेट प्लगला मुळीच लावू नका, आणि हा निरोप आजच सगळ्यांना द्या. बैठकीच्या आदल्या रात्री 'चालतंय का बघू' म्हणून कुणीतरी बटण दाबतं आणि तिथेच घोळ होतो.

मूळ ॲस्टेक कंपनीच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या बाजूला फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात : सी१ हा ०.१ मायक्रोफॅरडचा आणि सी२ ०.०१ चा. बहुतेक वेळा ते रिफा या कंपनीचे, पिवळट आणि आरपार दिसणारे असतात. आत कागद असतो. वरच्या कवचाला बारीक तडे जातात, त्यातून दमट हवा कागदात मुरते आणि २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत ते फुटून खोलीभर उग्र धूर होतो. यंत्र बहुधा वाचतं, पण बघणाऱ्यांची पाचावर धारण बसते. तितक्याच मायक्रोफॅरडचे, एक्स-२ वर्गाचे (मेन्सवर कायम राहण्यासाठी बनवलेले), २७५ व्होल्ट एसीचे नवे टाका. दुकानदार '४०० व्होल्टचा आहे की' म्हणून साधा पॉलिएस्टर पुढे करेल, तो घेऊ नका. तो आकडा डीसीचा असतो आणि तो भाग मेन्सवर कायम राहण्यासाठी बनवलेला नसतो. जुन्याच्या पायांमधलं अंतर मोजून न्या. सांगली-मिरजेत मिळाले नाहीत तर पुण्यात तपकीर गल्लीत बघा. सप्लाय सुरूच होत नसेल तर २२० मायक्रोफॅरडचा सी९ही बदला.

सप्लाय उघडण्याआधी प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या आणि मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून खात्री करा, तिथे ३२० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. हे काम मेन्सची सवय असलेल्यानेच करावं. सप्लायचा डबा लोखंडी आहे, त्यामुळे बैठकीच्या जागेचं अर्थिंगही आधी तपासा.

बोर्डाकडच्या तारा काढण्यापूर्वी फोटो काढा. तांबड्या प्लस ५ व्होल्ट, काळ्या शून्य, जांभळी मायनस ५. मग सप्लाय एकटाच तपासा, पण रिकामा नको. प्लस ५ आणि शून्य यांच्यामध्ये ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा म्हणजे एक अँपिअर लोड मिळतो. पहिल्यांदा वीज सिरीज बल्बमधूनच, म्हणजे मेन्स आणि सप्लाय यांच्या वाटेत बल्ब जोडूनच द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. सगळं बरोबर असेल तर बल्ब काढून बोर्ड जोडा आणि व्होल्टेज बोर्डावरच मोजा. ४.७५ ते ५.२५ यांच्या बाहेर असेल तर लगेच बंद करा.

चालू करताच खालच्या पट्टीतला एक आवाज आणि मागोमाग 'बीप' आला तर अर्धी लढाई जिंकली. एकच सूर लागून राहिला तर प्रोसेसर पुढे सरकलेलाच नाही. आधी रॉमचे (कायमचे प्रोग्राम असलेल्या चिपचे) सॉकेट आणि रीसेटची ५५५ ही चिप बघा. पडद्यावर 'लँग्वेज?' असं आलं तर बेसिकची रॉम सापडत नाहीये. चिप दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलून काढा, पाय साफ करा, खाच त्याच दिशेला ठेवून परत बसवा. दमट जागेत राहिलेल्या यंत्रात निम्मे आजार सॉकेटचेच निघतात.

मिरज_फ्लक्स
फ्लॉप्यांबद्दल. त्या बीबीसीत घालून 'बघू' नका. ज्या फ्लॉपीवर बुरशी आहे तिचं पहिलं वाचनच शेवटचं ठरू शकतं.

आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर खिडकीतून दिसणाऱ्या चकतीवर पांढरट ठिपके किंवा जाळं दिसतं. अशा फ्लॉप्या वेगळ्या काढा. कव्हरची एक कड कापून चकती बाहेर घ्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड घेऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि स्वच्छ कव्हरमध्ये घालून वाचा. दर फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेड पुसायचंच. वाचताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर त्याच क्षणी थांबा, चुंबकीय थर खरवडला जातोय.

वाचायला ग्रीझवीझल बोर्ड (जुना ड्राइव्ह यूएसबीने आजच्या संगणकाला जोडणारा) आणि पीसीचा जुना १.२ एमबी ड्राइव्ह पुरतो. आधी कच्चा फ्लक्स (हेडला दिसणारे चुंबकीय बदल जसेच्या तसे) साठवा, एसएसडी इमेज (बीबीसीच्या फ्लॉपीची एका फाइलमधली प्रत) त्यातून नंतर कितीही वेळा काढता येते. एकॉर्नच्या डीएफएस या फ्लॉपी-पद्धतीत ट्रॅकला (चकतीवरच्या एका वर्तुळाला) १० सेक्टर, सेक्टरला २५६ बाइट. म्हणून ४० ट्रॅकची बाजू १०० केबी आणि ८० ट्रॅकची २०० केबी. ४० ट्रॅकची फ्लॉपी या ड्राइव्हवर वाचताना हेड एकाआड एक ट्रॅक पुढे न्यावं लागतं. मात्र या ड्राइव्हने ४० ट्रॅकच्या फ्लॉपीवर लिहू नका. त्याचं हेड अरुंद, जुन्या रुंद ट्रॅकची कड तशीच उरते आणि मूळ ड्राइव्हला दोन्ही मिसळून ऐकू येतात. सुरुवातीलाच सगळ्यांच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद होतं, साडेतीन इंचीच्या नेमकं उलट.

आणि डबे सांगलीत तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा.

वाई_६५०२
गट चालवताना खरी अडचण यंत्रांची नसते, माहिती हरवण्याची असते. व्हॉट्सॲपवर कुणीतरी अचूक उत्तर देतं आणि आठवड्याने ते शुभेच्छांच्या फोटोंखाली गाडलं जातं. म्हणून एक सामायिक तक्ता ठेवा आणि प्रत्येक यंत्राला एक ओळ द्या : बोर्डावर छापलेला इश्यू (बोर्डाच्या आवृत्तीचा) क्रमांक, ओएसची आवृत्ती (स्टार एफएक्स झिरो टाइप केलं की दिसते), कुठल्या सॉकेटमध्ये कुठली रॉम, काय बदललं, कुणी, कधी. प्रश्न विचारणाऱ्याने इश्यू क्रमांक, बोर्डावरचे व्होल्ट आणि एक स्पष्ट फोटो द्यायचाच, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यावाचून दिलेला सल्ला अंदाजपंचे असतो.

इमेज तीन ठिकाणी, चेकसमसह (फाइल बिघडली का ते ओळखणारा आकडा), त्यातली एक प्रत जिल्ह्याबाहेर. शाळेच्या फ्लॉपीत विद्यार्थ्यांची नावं, गुण असतील तर त्या सगळ्यांना वाटू नका.

वर्गणीतून आधी पडद्याची सोय करा. बीबीसीचा आरजीबी (रंगीत चित्राचा) सिग्नल १५.६ किलोहर्ट्झचा, आजचे मॉनिटर तो घेत नाहीत. रास्पबेरी पाय झिरो या छोट्या संगणकावर चालणारं आरजीबी-टू-एचडीएमआय घ्या, एकावर सगळ्यांचं भागतं.

कृष्णाकाठ
फार उपयोग झाला, सगळ्यांचे मनापासून आभार. सी१-सी२ चा निरोप लगेच पाठवतो. एकच राहिलं : फ्लॉपीऐवजी गोटेक (पेन ड्राइव्हवरच्या फाइली फ्लॉपी म्हणून दाखवणारा ड्राइव्ह) घ्यावा की यूझर पोर्टवरचं (बीबीसीच्या जोडणीच्या सॉकेटवरचं) एसडी कार्ड?

सोल्डर_सातारा
आधी झाकण उघडून आयसी७८ च्या जागी ८२७१ ही फ्लॉपी चालवणारी चिप आहे का बघा. अनेक मॉडेल बीमध्ये डिस्कचा भाग बसवलेलाच नसतो, आणि तो नसेल तर गोटेक शोभेचा. असेल तर गोटेकमध्ये फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर टाकून सेटिंगमध्ये होस्ट एकॉर्न ठेवा, त्याशिवाय तो एसएसडी फाइली नीट ओळखत नाही. चारही यंत्रांवर फिरवायचं असेल तर एसडीच घ्या. त्याला एमएमएफएस (एसडी कार्ड वाचणारी) रॉम लागते. ती २७सी१२८ या कोऱ्या चिपवर प्रोग्रामरने जाळा, म्हणजे लिहा; सी नसलेल्या जुन्या २७१२८ ला २१ व्होल्ट लागतात, स्वस्त प्रोग्रामर तेवढे देत नाहीत. आणि यूझर पोर्टची केबलपट्टी यंत्र बंद असतानाच लावा-काढा. तो पोर्ट सरळ ६५२२ चिपच्या पायांना जोडलेला आहे, मध्ये तिला वाचवणारा बफर नाही.