वेज अँटिलिस तुम्हाला कुठे भेटला? अनुभव लिहा

परवा नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिताना मैत्रिणीला म्हटलं, स्टार वॉर्समध्ये मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बंडखोरांचा पायलट वेज, तर तिला तो आठवेचना. १९७७, १९८०, १९८३ तिन्ही सिनेमांत आहे, एक्स-विंग हे लढाऊ विमान घेऊन दोन्ही डेथ स्टारवर, म्हणजे साम्राज्याच्या त्या अवाढव्य अवकाशतळांवर, गेला आणि दोन्ही वेळा जिवंत परत आला. पहिल्या वेळी मेडलं मात्र नायक ल्यूक आणि त्याचा साथी हान यांच्या गळ्यात. तुमच्या लक्षात तो का राहिला, मोकळेपणाने लिहा.

ओझरहून
मी टाऊनशिपमध्ये वाढलो. एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) इथला विमान कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी सुरू झाला, पप्पा तिथे फिटर, आधी मिग-२१ मग मिग-२७. विमान टेस्टला वर गेलं की ते खाली उतरेपर्यंत त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. केबलवर पहिला भाग लागला होता तेव्हा ते शेजारी पेपर वाचत बसलेले, मी ओरडतोय डेथ स्टार फुटला फुटला, आणि त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, "तीस गेली होती ना रे, बाकीची कुठंयत?" मग मी नीट बघितलं, परत येताना ल्यूकचं, वेजचं आणि एक वाय-विंग जातीचं विमान, हानचं फाल्कन यान वेगळं, बस. त्या दिवसापासून मी सिनेमा बघताना परत आलेली विमानं मोजतो, आणि वेज दिसला की बरं वाटतं.

इंदिरानगरहून
मला तो मागे फिरतो तो सीन बघवत नाही. विमानाला मार बसलाय, ल्यूक म्हणतो तू निघ, तो सॉरी म्हणून वर निघून जातो आणि थोड्याच वेळात मागे राहिलेला ल्यूकचा मित्र बिग्ज मरतो. ट्रेकला मदनगडाच्या कातळाखाली माझा गुडघा गेला होता, लीडरने खाली जायला सांगितलं, बाकीचे वर गेले, आणि पुढचे तीन तास मी पायथ्याच्या आंबेवाडीत एका ओट्यावर बसून फक्त कड्याकडे बघत होतो. सगळे सुखरूप उतरले, पण त्या तीन तासांत आपण दगा दिला असं जे वाटत होतं ते अजून आठवतं. म्हणून तो पुढच्या लढाईला पुन्हा हजर होतो याचं मला फार कौतुक आहे. शेवटच्या लढाईत तर रेड लीडर, म्हणजे तुकडीचा म्होरक्या, तोच.

देवळाली कॅम्पहून
दुसऱ्या सिनेमात हॉथ या बर्फाळ ग्रहावर वेजच्या मागे बसून तो हार्पून (दोरीचा भाला) मारणारा जॅन्सन, त्याचं नाव घेऊन वेज शाबासकी देतो. आमच्या घरी दोन पिढ्या तोफखान्यात, गनरचं नाव घेतलेलं ऐकलं की छाती भरून येते. बाकी काही नाही.

पंचवटीहून
यात एक भर घालते. पहिल्या सिनेमात हल्ल्याआधीच्या मीटिंगमध्ये दिसणारा वेज कॉलिन हिगिन्स, विमानात बसलेला डेनिस लॉसन, आणि आवाज तिसऱ्याचाच, डेव्हिड अँक्रमचा. एवढुशा भूमिकेला तीन माणसं! मी कालिदास नाट्यगृहात एका हौशी नाटकात दोन वाक्यांची नर्स केली होती, तालमी सव्वा महिना, आणि दुसऱ्या वाक्यावर माझी एंट्री हुकली असती तर पुढचा अख्खा प्रवेश अडला असता हे मला आणि प्रॉम्प्टरलाच माहीत. पण मला सांगा, बिग्जवर पण धागा काढायला नको का? तो तर परत आलाच नाही.

ओझरहून, पुन्हा
बिग्जचं खरंय, काढा, मी लिहीन. एक राहिलं. २०१९ च्या भागात वेज काही सेकंद दिसतो, केस पांढरे झालेले, फाल्कनच्या तोफेवर बसलेला. पप्पांना घरी लावून दिला होता, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, नजर अधू. मी पॉज करून दाखवलं. जवळ जाऊन टीव्हीला नाक लावून बघितलं त्यांनी, म्हणाले, "हा तोच ना, उतरलेला?" मी हो म्हटलं. मग आईला हाक मारून चहा टाकायला सांगितला.