मदत हवी आहे: घोडबंदर रोड, ९ बाय ७ चं स्वयंपाकघर. बिल्डरचा ओटा ठेवावा की काढावा?

अबोली_घोडबंदर
नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रोडला नव्या टू बीएचकेचा ताबा मिळालाय. स्वयंपाकघर आतून ९ बाय ७ फूट. एका ७ फुटी भिंतीत दार, समोरच्या ७ फुटी भिंतीत ड्राय बाल्कनीचं दार आणि खिडकी. उजव्या ९ फुटी भिंतीला बिल्डरने सरळ ग्रॅनाइटचा ओटा दिलाय, उंची ३१ इंच, सिंक बाल्कनीच्या टोकाला. डावी भिंत पूर्ण मोकळी. भिंती मिवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या. महानगर गॅसचा पाइप आलेला आहे. स्वयंपाक दोघी करतो. माझी उंची ५ फूट ५ इंच, सासूबाईंची ५ फूट, आणि पोळ्या त्याच करतात. डिशवॉशर घ्यायचाच आहे.

इंटिरियरवाल्याने डाव्या भिंतीला २ फुटांचा दुसरा ओटा सुचवलाय, म्हणजे पॅरलल किचन. कोटेशनमध्ये नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय, एसएस बास्केट, ब्रँडेड हार्डवेअर' असं लिहिलंय. प्रश्न तीन: दुसरा ओटा घ्यावा का? ३१ इंचांचा ओटा तसाच ठेवावा का? आणि कोटेशनमध्ये नेमकं काय लिहून घ्यावं?

गुण्या
दुसरा २ फुटी ओटा घेऊ नका. ७ फूट म्हणजे ८४ इंच. दोन्हीकडचे २४-२४ गेले की मध्ये ३६ उरतात, आणि ते कागदावर. डेडोच्या (ओट्यामागे भिंतीला लावतात त्या) टाइल आणि पुढे आलेली ग्रॅनाइटची कड धरली तर ३४. ड्रॉवर २० इंच बाहेर आला की उभं राहायला जेमतेम १४ इंच. डिशवॉशरचं दार खाली पडतं तेव्हा सुमारे २४ इंच पुढे येतं. ते उघडं असताना दुसऱ्या माणसाला बाल्कनीत जाता येणार नाही. रोज दोघी स्वयंपाक करणार असाल तर हे रोजचंच होईल.

डाव्या भिंतीला १५ इंच खोलीचं उभं कपाट करा. साठवणीचे डबे, डाळी, कुकर, मिक्सर सगळं १५ इंचांत मावतं, आणि मागचा डबा शोधायला पुढचे चार काढावे लागत नाहीत. मध्ये ४५ इंच मोकळे राहतात. फ्रिज त्याच भिंतीला, आत येण्याच्या दाराजवळ. मागची हवेची फट धरून त्याला ३० इंच खोली लागते, तेव्हा तेवढ्या भागात वाट ३० इंचांची होईल. चालेल, फक्त फ्रिजचं दार कोणत्या बाजूला उघडतं ते घेण्याआधी बघा.

ओट्याच्या १०८ इंचांची वाटणी बाल्कनीकडून: सिंक ३३, डिशवॉशर २४, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) ३०, उरलेले २१ उतरवलेली पातेली ठेवायला. भाजी चिरायची जागा आपोआप डिशवॉशरच्या वर येते, म्हणजे सिंक आणि गॅसच्या मध्ये. हॉब बाल्कनीच्या दाराशी नेऊ नका, वाऱ्याने ज्योत हलते.

फोडणी
उंचीबद्दल. ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की कामाची उंची मिळते. गॅससाठी त्यातली कमी उंची धरा, कारण पातेल्याची उंची वर चढते. वर ठेवायची शेगडी असेल तर आणखी ४ इंच जातात, ओट्यात बसवलेल्या हॉबला दोनेक.

५ फूट ५ ला ३१ इंच फार खाली. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी, म्हणजे ओट्याच्याही ८-९ इंच खाली असतात. कंबर तिथे धरते. दोघींचा मध्य काढून कमी बाजू धरली तर ३३ च्या आसपास येतो. पोळ्यांसाठी मात्र वेगळी सोय करा: ओट्याखाली २९ इंचांवर बाहेर ओढायची फळी, पोळपाट बसेल अशी १८ इंच रुंद, ४५ किलो पेलणाऱ्या चॅनलवर (सरकत्या पट्ट्यांवर). लाटताना वजन वरून येतं, साध्या चॅनलवर ती फळी महिन्याभरात पुढे झुकते.

गुण्या
३३ ला एक अडचण आहे. फ्रीस्टँडिंग डिशवॉशर साधारण ८४५ मिमी उंच असतो. वरचं झाकण निघणारं मॉडेल घेतलं तर ८२० च्या आसपास येतो. ३३ इंच म्हणजे ८३८ मिमी, त्यातून २० मिमीचं ग्रॅनाइट गेलं की ८१८. दोन मिलिमीटरसाठी अडेल! साडेतेहतीस धरा, खाली ८३१ मिळतात. झाकण निघतं का आणि निघाल्यावर उंची किती, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघून मगच ओट्याचं माप पक्कं करा.

जुना ओटा उचलून उंच करायच्या भानगडीत पडू नका. ९ फुटी पाट सिंकच्या कापाशी हमखास तुटतो. नवा ग्रॅनाइट टाका, आणि दोन गोष्टी कारागिराकडून उभं राहून करून घ्या. एक, हॉबच्या कापाचे चारही कोपरे गोल. करवत काटकोनात आरपार गेली की तडा तिथूनच सुरू होतो. हॉबच्या पुढे किमान २ इंच दगड राहायला हवा, आणि काप हॉब हातात आल्यावरच. दोन, ओट्याच्या पुढच्या कडेला खालून, कडेपासून इंचभर आत, ३-४ मिमीची पन्हळ. पुसताना ओघळलेलं पाणी दगडाच्या पोटाला चिकटून आत सरकतं आणि थेट शटरच्या वरच्या कडेवर टपकतं. लॅमिनेट तिथूनच सुटायला लागतं. पन्हळ असली की पाणी तिथेच खाली पडतं.

खाडीवारा
कोटेशन असं लिहून घ्या: कारकस, म्हणजे कपाटाचा सांगाडा, १८ मिमी, आयएस ७१० छाप असलेला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय. 'वॉटरप्रूफ' हा शब्द चालवून घेऊ नका. आयएस ३०३ छापात बीडब्ल्यूआरही (पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा) येतो आणि एमआरही (फक्त दमटपणा सोसणारा), आणि एमआर ओट्याखाली टिकत नाही. लॅमिनेट चढायच्या आधी साइटवर जाऊन प्रत्येक शीटवरचा छाप बघा, नंतर काहीच दिसत नाही. एज बँड (प्लायची कड झाकणारी पट्टी) चारही कडांना, मागच्या आणि खालच्यासुद्धा. स्टील असेल तिथे 'एसएस ३०४'. नुसत्या 'एसएस'च्या नावाखाली २०२ हे हलक्या दर्जाचं स्टील येतं आणि खाडीच्या दमट हवेत त्यावर तांबूस ठिपके लवकर धरतात.

सिंकखाली प्लायचा तळ नकोच. तिथे कडप्प्याचा तळ आणि कडप्प्याच्याच उभ्या बाजू ठेवा, पुढे फक्त शटर. बाकी युनिटना १०० मिमीचे पीव्हीसी पाय आणि ओढून निघणारी स्कर्टिंग (पायांपुढची पट्टी), म्हणजे ड्राय बाल्कनीतून पावसाचं पाणी आत आलं तरी पुसता येतं.

मिवानबद्दल: त्या भिंती इमारतीचा भार घेतात, वायरसाठी झिरी मारू देऊ नका. नवे पॉइंट वरच्या कपाटांच्या मागून पट्टीतून न्या. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शनला वेगवेगळे १६ अँपिअरचे पॉइंट. चिमणी, हॉबचं इग्निशन आणि प्युरिफायरला ६ अँपिअर पुरतात. ३० एमएची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, बघा. चिमणीसाठीही भिंतीला भोक नको. खिडकीची वरची काच काढून तिथे पत्रा बसवतात, त्यातून ६ इंची पाइप. पाइप शेवटपर्यंत ६ इंचीच, ४ इंचांवर आणला की आवाज वाढतो आणि फोडणीचा धूर घरात राहतो.

अबोली_घोडबंदर
सगळ्यांचे मनापासून आभार. कोपर मोजले: माझं ४१, सासूबाईंचं ३८. म्हणजे साडेतेहतीस सासूबाईंना नेमकं, मला जरा खाली, पण चालवून घेईन. दोन शंका. गॅसचा पाइप आत्ता जिथे उघडतो तिथून हॉब अडीच फूट दूर जातोय. प्लंबर म्हणतो मी वाढवून देतो. आणि सोसायटीत अधूनमधून टँकर येतो, तर आरओ लागेल का?

फोडणी
प्लंबरला हात लावू देऊ नका. पाइप सरकवायचा तर महानगर गॅसकडेच अर्ज करायचा, आणि तो ओटा फोडायच्या आधी. बंद करायचा व्हॉल्व्ह हात पोचेल असा ठेवा. मीटर बंद कपाटात कोंडू नका, शटरला जाळी हवी. हॉब मागवताना 'पीएनजी' सांगा. एलपीजीचे जेट बारीक असतात आणि पाइपच्या गॅसचा दाब कमी, त्यामुळे ज्योत मंद लागते.

पाण्याचं आधी मोजा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घेऊन नळाचं आणि टँकर आलेल्या दिवसाचं, दोन्ही. दोन्ही आकडे २००-३०० च्या आत असतील तर यूव्ही पुरे, आरओ उगाच पाणी फेकेल. टँकरचा आकडा ५०० च्या वर गेला तर आरओ घ्या. डिशवॉशरमधलं मिठाचं सेटिंग मात्र टीडीएसवर नाही, पाणी किती जड (हार्ड) आहे ते तपासून ठरवा.

गुण्या
एक राहिलं. ट्रॉल्यांचं अंतिम माप डेडोच्या टाइल लागल्यावर घ्यायला सांगा, आणि दर युनिटला तीन ठिकाणी: वर, मध्ये, खाली. तिन्हीतलं सगळ्यात कमी धरायचं.