मदत हवी आहे: अभ्यासिकेतल्या जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकावं? (औसा, जि. लातूर)

नमस्कार मंडळी,

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात पोरांसाठी एक अभ्यासिका चालते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं-पोरी तिथं बसतात. लातूरला खोली करून राहणं, मेसचे पैसे भरणं ज्यांच्या घरी झेपत नाही, तीच बहुतेक. एका कार्यालयातून बाद झालेले पाच लॅपटॉप आम्हाला मिळालेत. भंगारवाला वजनावर न्यायला तयार होता, मी दिले नाहीत. चालू यंत्र मोडीत काढणं मला पटत नाही.

तीन लॅपटॉप दुसऱ्या पिढीच्या कोअर आय३ चे आहेत, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क. एक कोअर २ ड्युओ, २ जीबीचा. पाचवं छोटं नेटबुक आहे, अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम. आय३ वर विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत आठव्या पिढीच्या आधीचे आय३ नाहीत. पोरं याच यंत्रांवर भरतीचे फॉर्म भरणार, आधार नंबर टाकणार, बँकेचं पान उघडणार. सुरक्षेचे अपडेट बंद झालेली सिस्टिम त्यांच्या हातात द्यायची माझी तयारी नाही, आणि चोरीचं विंडोज तर नकोच.

म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम. पण गावात सगळं नेट मोबाइलवरचं, रोजचा दीड जीबी. बॅटऱ्या मेलेल्या आहेत, लाइट गेली की लॅपटॉप जागेवर बंद. पोरांना लागतं ते असं: पीडीएफ वाचणं, यूट्यूबवरचे तास बघणं, युनिकोडमध्ये मराठी टायपिंग, आणि सरांनी दिलेल्या कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या नोट्स उघडणं. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. मी कामाला बाहेर असतो. मी नसताना बारावीतल्या पोरीलाही सांभाळता येईल अशीच सिस्टिम पाहिजे. काळ्या पडद्यावर कमांड मारत बसावं लागलं तर महिन्याभरात लॅपटॉपवर धूळ बसेल.

काय टाकू?

प्रतिसाद (नांदेड)

दादा, भंगारात दिले नाहीत ते लई चांगलं केलंत.

आय३ आणि कोअर २ ड्युओ दोन्ही ६४ बिट आहेत, म्हणजे नव्या सिस्टिम त्यांवर चालतात. चौघांवर लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. खाली मेनू, घड्याळ, सगळं ओळखीचं दिसतं, पोरांना शिकवावं लागत नाही. अपडेटसाठी ढालीचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करायचं.

आयएसओ फाइल (मिंट बसवायची फाइल) तीन जीबीच्या आसपास आहे, ती टोरंटने, म्हणजे तुकड्या-तुकड्यानं उतरवायच्या पद्धतीनं उतरवा. दीड जीबी संपला की थांबेल, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. शिवाय फाइल धड उतरली का हे टोरंट स्वतःच तपासतं. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघा. डिस्कला हात न लावता आवाज, कॅमेरा, वायफाय चालतंय का ते कळतं. वायफाय ब्रॉडकॉमचं असेल तर बहुधा लगेच दिसणार नाही. मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा आणि मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर घ्या.

पैसा कुठं घालायचा असेल तर एसएसडीत, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये घाला. २.५ इंची साटा एसएसडी या लॅपटॉपांत बसते. जुन्या लॅपटॉपचा संथपणा बऱ्याचदा प्रोसेसरचा नसतो, डिस्कचा असतो. तीन एकदम जमत नसतील तर एकेक करत बदला, पण रॅमच्या आधी हेच करा.

नेटबुकचा प्रोसेसर निव्वळ ३२ बिट आहे, तिथं मिंट २२ चालणार नाही. डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्सलाही ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, फायरफॉक्स ब्राउझरनं १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्स सोडलं. डेबियन १२ वर बेतलेली अँटीएक्स २३ ची ३२ बिट आवृत्ती टाका, पण ते यंत्र टायपिंगला आणि पीडीएफला ठेवा. बँकेचं काम त्यावर करू देऊ नका.

प्रतिसाद (परभणी)

वरच्या सगळ्याला माझं अनुमोदन. आमच्याकडे तालुक्याच्या वाचनालयात असंच चालायलंय, म्हणून थोडी भर घालते.

मराठी टायपिंगला काही उतरवावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना भारतीय भाषांत मराठी निवडा, इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड तिथंच मिळतो. कृतिदेवची फॉन्ट फाइल डबल क्लिक करून इन्स्टॉल केली की जुन्या नोट्स लिब्रेऑफिसमध्ये वाचता येतात. पण नवीन काहीही त्यात लिहू देऊ नका. ते शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि पोरांची मेहनत त्या फॉन्टपाशी अडकून पडते.

यूट्यूब अडखळेल. कारण एवढंच की यूट्यूब व्हीपी९ पद्धतीचा व्हिडिओ पाठवतं आणि दुसऱ्या पिढीच्या इंटेलला तो हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन टाका, म्हणजे जुन्या यंत्राला पेलणारा एच.२६४ व्हिडिओ येतो. दर्जा ४८० वर ठेवा, फळ्यावरचं नीट वाचता येतं आणि डेटाही वाचतो.

चारही लॅपटॉपवर एकच आवृत्ती असेल तर एकावर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवा. एकानं उतरवलेला अपडेट बाकीचे त्याच्याकडून घेतात, पुन्हा डेटा जात नाही. बसवताना थोड्या कमांड लागतात, ते काम तुम्ही एकदा करून टाका. पोरांना त्यातलं काही कळण्याची गरज नाही.

आणि बंद करून चालू केल्यावर तारीख मागं जात असेल तर वेबसाइट उघडणार नाहीत, सर्टिफिकेटची चूक दाखवतील. पोरांना वाटतं नेट गेलं. आतला बटणासारखा सेल संपलेला असतो, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२. बदलला की झालं.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. एका आय३ वर मिंट बसलं. वायफाय टेदरिंगनंतर आलं. तारखेचा घोळ कोअर २ ड्युओवर तंतोतंत तसाच होता, सेल बदलून घेतला. काल तिथल्या एका पोरीनं कुणाला न विचारता अपडेट करून दाखवले, म्हणून बाकीच्यांवरही हेच टाकतोय.

प्रिंटर मात्र अडलाय. एलबीपी २९०० कॅननच्या कॅप्ट या स्वतःच्या छपाई पद्धतीवर चालतो आणि मिंट तो आपोआप उचलत नाही. कॅननचा स्वतःचा ड्रायव्हर आणि स्वयंसेवकांनी लिहिलेला कॅप्टड्रायव्हर, असे दोन मार्ग दिसतात. मिंट २२ वर यातला कोणता कुणी रोज वापरतंय का? सलग दहा-वीस पानं निघतात का, लाइट जाऊन आल्यावर पुन्हा ओळखतो का, एवढं सांगा. भरतीचं हॉल तिकीट काढायला पोरांना अजून औशाला जावं लागतं.