मदत हवी आहे: नाशिक, बेघर निवारा, थंडीसाठी तातडीने काय करू?

गोदाकाठ
निफाडचा पारा रोज बातम्यांत येतोय आणि आमच्याकडे माणसं कुडकुडतायत. ब्लँकेटं भरपूर आलीत, तरी पहाटे तीननंतर कुणाला झोप नाही. हातात १२ हजार आहेत. हीटर घेऊ की आणखी ब्लँकेटं? "छान काम करताय" असं लिहू नका प्लीज, उपाय सांगा. उद्याच खरेदी करायचीय.

सायकलस्वार
माणसं किती? छत पत्र्याचं की स्लॅब? झोपतात कशावर? काहीच कळत नाहीये.

हिशेबनीस
८०-जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी, काढलीय का? त्याशिवाय मोठे देणगीदार हात आखडता घेतात. आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा निधी, हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्म आधी भरावा लागतो. आत्ताच सुरुवात करा.

गोदाकाठ
ते उन्हाळ्यात बघू हो. मला आजच्या रात्रीचं सांगा. ३५-४० जण आहेत, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, त्यावर सतरंज्या. जुनं गोदाम आहे, खिडक्यांना तावदानं नाहीत.

माळरान
घोंगडी घ्या. खरी लोकरीची, धनगरांकडून. भिजली तरी ऊब देते. आमच्या घरी आजोबांची अजून आहे. ब्लँकेटं म्हणजे दोन धुण्यांत चिंधी.

सायकलस्वार
१२ हजारांत ४० घोंगड्या कुठून येणार? गोदाकाठ, तुमची थंडी खालून येतेय. शहाबादी अंगातली ऊब ओढून घेते, आणि ब्लँकेट अंगाखाली दबलं की त्यातली हवा जाते, मग त्याचा उपयोग नाही. आधी जमिनीवर जुने फ्लेक्स टाका, मंडळांकडे ढिगाने पडलेले असतात. त्यावर फ्रीज-वॉशिंग मशीनच्या खोक्यांचा पुठ्ठा दोन थर, मग गोणपाट, मग सतरंजी. पैसे उरले तर पॅकिंगवाल्यांकडून ईपीई फोमचा रोल. हीटर मुळीच नको. पत्र्याखाली सगळी ऊब वर जाईल, वायरिंगवर ताण येईल तो वेगळाच.

उंबरठा
एवढं कशाला? खिडक्यांना फ्लेक्स ठोका आणि मध्ये कोळशाची शेगडी ठेवा. खर्च नगण्य.

परिचारिका
नाही! कृपा करून हे करू नका. बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

उंबरठा
आमच्या गावी जन्मभर शेकोटी पेटवली, काही झालं नाही.

परिचारिका
शेकोटी अंगणात असते, दादा. खिडक्या वाऱ्याच्या बाजूने झाका, पण वरची वीतभर फट मोकळी सोडा. ४० जण एका खोलीत, त्यात कुणाला टीबी असेल तर? दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवा, तपासणी फुकट होते. ब्लँकेटांवर नंबर घाला, ज्याचं त्यालाच. नाहीतर खरूज सगळ्यांना होईल. आणि रात्रपाळीवाल्याला सांगून ठेवा: म्हातारं माणूस कुडकुडायचं थांबलं, बोलणं जड झालं, तर "आता बरं वाटतंय" समजू नका. १०८ लावा.

चौकस
नंबर घालून काय होणार? ब्लँकेटं विकतात हे लोक. दारूला जातात पैसे. आधी कामाला लावा.

सायकलस्वार
त्यातले किती जण पहाटे नाक्यावर कामालाच जातात, विचारा कधी. दिवसभर ब्लँकेट ठेवायचं कुठे? पाठीवर घेऊन विटा उचलायच्या? गोदाकाठ, एक कुलपाचं कपाट मिळवा, भंगारातलंही चालेल.

गोदाकाठ
कपाट आहे, कुलूप आणतो. पुठ्ठ्याचं पटलं, पण एवढा पुठ्ठा उद्या कुठून आणू? पडदा टाकून ७ बायका एका बाजूला झोपतात, त्यांच्यापासून सुरू करतो. एकीला आठवा महिना आहे.

परिचारिका
हे आता सांगताय? तिला आजच फोमवर घ्या, भिंतीपासून लांब. तिचं गरोदरपणाच्या तपासण्यांचं कार्ड काढलंय का? जवळच्या आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना उद्या बोलवा. १०२ चा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, गरोदर बाईसाठी ती गाडी मोफत येते.

माळरान
तिच्यासाठी एक घोंगडी माझ्याकडून. पत्ता मेसेज करा.

हिशेबनीस
सातपूरला आमच्या युनिटमध्ये पुठ्ठ्याचा ढीग आहे. दहानंतर या, टेम्पो मात्र तुमचा.