कोचिंग इन = सराय? की दुसरा काही शब्द आहे

पाटीवाला:
नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलोय. मावशीच्या सोसायटीतला ज्येष्ठांचा ग्रुप मे महिन्यात लंडनला चाललाय, त्यांच्यासाठी मराठीत माहितीपत्रक लिहून देतोय. तिथे सदर्क भागात, बरो हाय स्ट्रीटवर 'द जॉर्ज' नावाचा जुना पब आहे, १६७६ च्या आगीत तो भाग बराचसा जळला आणि १६७७ मध्ये हा पुन्हा बांधला. लंडनमधली सज्जे असलेली 'कोचिंग इन', म्हणजे घोडागाडीच्या प्रवाशांची मुक्कामाची जागा, आता ही एकच उरलीय. मी आपलं सरळ 'सराय' लिहिलं, तर काकांनी पहिल्याच ओळीवर लाल पेन मारलं, सराय म्हणजे उंट आणि वाळवंट, इंग्लंडात कुठली आली म्हणे. 'कोचिंग इन' तसंच ठेवावं तर निम्मी मंडळी विचारणार तिथे कसले क्लासेस चालायचे.

बोरूबहाद्दर:
काका बरोबर आहेत, पण कारण चुकीचं देतायत. सराय फारसी आहे. 'पांथशाळा' हा आपला स्वच्छ शब्द असताना उसनवारी कशाला? पांथ म्हणजे वाटसरू, शाळा म्हणजे जागा. विषय संपला.

खमंग:
पांथशाळेत बिअर मिळते का हो?

थेम्सकाठची:
विषय संपत नाही बोरूबहाद्दर, आधी तिथे होतं काय ते बघू. माझं ऑफिस लंडन ब्रिज स्टेशनजवळ आहे त्यामुळे जॉर्जला जाणं होतं. इथे पूर्वी तीन वेगळ्या गोष्टी होत्या, एलहाउस म्हणजे साधी जागा, बहुतेकदा घरातच बनवलेली एल म्हणजे एक प्रकारची बिअर विकायची, टॅव्हर्न वाइनची, आणि इन म्हणजे मुक्काम, जेवण, घोड्यांची पागा आणि दारू, सगळं एका छपराखाली. प्रवासी दारात आला आणि जागा असली तर इनवाल्याला उगाच नाही म्हणता यायचं नाही, कायदाच तसा होता. पब हे पब्लिक हाउसचं पुढे झालेलं लाडकं नाव. आता सदर्कमध्येच एवढ्या इन का, तर १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल होईपर्यंत शहरात शिरायला लंडन ब्रिज हा एकच पूल, रात्री त्याचे दरवाजे बंद, मग केंटकडून येणारा माणूस उशिरा पोचला की नदीच्या अलीकडेच उतरणार ना. १५९८ च्या एका वर्णनात तिथल्या आठ इनची नावं आहेत, स्पर, ख्रिस्तोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट, किंग्ज हेड. त्यातली जॉर्जच तेवढी उभी आहे, तीही एकच बाजू. रेल्वे आली, घोडागाड्या गेल्या, आणि जॉर्जची जागा रेल्वे कंपनीनेच घेऊन माल ठेवायला वापरली, बाकीच्या बाजू पाडल्या. १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तेव्हा पाटीवाला, 'सराय' मला तरी चालतो, मुक्काम आणि जनावरं दोन्ही त्यात येतात.

मध्यमवर्गी:
एवढं कशाला, 'जुना पब' लिहा. पब कुणाला कळत नाही?

थेम्सकाठची:
कळतो, पण वेगळाच कळतो. आपल्याकडे पब म्हणजे डीजे, कव्हर चार्ज आणि पेपरात 'पबवर छापा'. इथे दुपारी आजोबा लोक एक पाइंट बिअर घेऊन तासभर पेपर वाचत बसतात, रविवारी लोक लेकराबाळांसकट जेवायला जातात. ज्येष्ठांच्या पत्रकात नुसतं पब लिहिलं तर अर्ध्या काकू बसमधून उतरणार नाहीत.

खमंग:
मग 'ऐतिहासिक गुत्ता' लिहा. उतरतील सगळ्या, बघायला 😄

मांजराकाठ:
गुत्त्याला हसू नका राव. आमच्या लातूर-नांदेडकडं गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार, रस्त्याचं काम घेणारा, त्याचा दारूशी काही संबंध नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, तेलुगूत पण गुत्त म्हणजे ठेकाच. दारू विकायचा मक्ता ज्याला मिळाला त्याच्या दुकानाला लोक गुत्ता म्हणायला लागले आणि पुण्यामुंबईला तेवढाच अर्थ राहिला.

बोरूबहाद्दर:
हे पटण्यासारखं आहे. पण मग इंग्लंडातही परवाना लागायचाच, एलहाउसला तर १५५२ पासून. म्हणजे तुमच्या हिशोबाने सगळेच गुत्ते.

मांजराकाठ:
मी कुठं नाही म्हणलो.

उंबरठा:
'सराय'बद्दल एक. मराठीत आपण सराई म्हणतो आणि पहिला डोळ्यासमोर येतो तो हंगाम, लग्नसराई. माझी आई 'जॉर्जची सराई' वाचून तिथे लग्नं लागतात समजेल. बाकी 'सराईत' पण यातलाच असणार असं मला नेहमी वाटतं, सरायांमध्ये वावरून तयार झालेला तो सराईत.

बोरूबहाद्दर:
सराईत हा सरावातून आलाय हो! कानाला सारखं लागलं की एका घरचं होत नाही. असं केलं तर सरोवर पण सरायमधून काढाल.

उंबरठा:
सरावातून आला तर 'सरावीत' का नाही झाला ते सांगा आधी.

मांडवीकर:
गोव्यात तावेर्न म्हणतात, पोर्तुगीजांपासून. चार बाकडी, काजूची हुर्राक, समोर चण्यांची बशी, गावातली म्हातारी माणसं. थेम्सकाठची सांगतायत तो इंग्लिश पब मला तरी त्याच्या जवळचा वाटतो. पण तावेर्नात मुक्काम नाही. आणि आपली खरी अडचण तीच आहे बघा, आपल्याकडे मुक्कामाचे शब्द सोवळे, धर्मशाळा, विश्रामगृह, मुसाफरखाना, आणि पिण्याच्या जागेचे शब्द सगळे बदनाम, गुत्ता, पिठा, अड्डा. परमिट रूम म्हणावं तर तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा वास घेऊन येतो. भला माणूस उजळ माथ्याने झोपतोही आणि पितोही अशी जागा मराठीत नाहीच.

मध्यमवर्गी:
लॉजिंग बोर्डिंग अँड बार. प्रत्येक हायवेला आहे.

मांडवीकर:
उजळ माथ्याने म्हटलं मी.

पाटीवाला:
😂 सध्या असं केलंय, 'घोडागाड्यांच्या टप्प्यावरची मुक्कामाची आणि खाण्यापिण्याची जागा'. काका म्हणतात पत्रक आहे, प्रबंध नाही. आणखी एक, तिथे भिंतीवर मोठं घड्याळ आहे, १७९७ मध्ये सरकारने घड्याळांवर कर बसवला, घरच्या घड्याळाला वर्षाला ५ शिलिंग, तेव्हा लोक आपली घड्याळं ठेवीनात आणि इनवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी मोठी घड्याळं लावली अशी गोष्ट सांगतात. कर १७९८ मध्येच गेला. इंग्रजीत त्याला पार्लमेंट क्लॉक म्हणतात. 'संसदीय घड्याळ' कसं वाटतं?

खमंग:
वाटतं की सारखं तहकूब होत असेल.

थेम्सकाठची:
'करातलं घड्याळ' करा. आणि चौकाबद्दल लिहा की नाही? कमानीतून गाडी आत, मध्ये चौक, वर लाकडी सज्जे आणि खोल्यांची दारं सज्ज्यावर उघडणारी. सज्ज्याचा कठडा आता थोडा कललाय, पण बघण्यासारखा आहे.

उंबरठा:
म्हणजे वाडाच की. 'वाडा' लिहा, पुणेकर लगेच घरी आल्यासारखे बसतील.

बोरूबहाद्दर:
वाडा राहायचा असतो, भाड्याने रात्र काढायचा नाही. आणि गाडी आत आली की घोडे सोडणारा ऑस्लर असायचा, त्याला तरी मराठी शब्द वापरा, मोतद्दार. अस्सल शब्द आहे, कुणी वापरत नाही म्हणून मेला.

मांजराकाठ:
अस्सल म्हणता आणि शेवटी दार लावता. किल्लेदार, गुत्तेदार, मोतद्दार, हे दार फारसीच की. सराय मात्र चालत नाही तुम्हाला.

बोरूबहाद्दर:
रुळलेला शब्द वेगळा आणि ओढूनताणून आणलेला वेगळा.

उंबरठा:
मोतद्दार की मोतदार? आजोबा एकच द लिहायचे.