रुळांकडेची भाजी बंद करा म्हणणाऱ्यांनो, मग त्या जागेत काय करायचं?

विक्रोळीचा पक्या:
कुर्ला ते ठाणे खिडकीत बसलं की रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, मुळा, भेंडीचे वाफे दिसतात, आणि डब्यात कुणीतरी हमखास नाक मुरडतं, "हीच भाजी येते आपल्या ताटात." पाणी नाल्याचं, त्यामुळे नाक मुरडणं रास्तच. रेल्वेची ही जुनी 'ग्रो मोअर फूड' योजना. मोकळ्या जमिनीवर झोपड्या उठू नयेत आणि खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना चार पैसे मिळावेत म्हणून तुकडे परवान्यावर दिलेले. परवाना एकाच्या नावावर आणि प्रत्यक्ष कसणारा दुसराच, हेही उघड गुपित.

पण दरवेळी चर्चा 'बंद करा' इथेच थांबते. माझं म्हणणं, घाण पाणी बंद करा, शेती नको. उलट महापालिकेचे जे राखीव भूखंड पत्रे ठोकून वर्षानुवर्षं पडलेत, आत राडारोडा आणि कुत्री, तेही आसपासच्या रहिवाशांना तीन-तीन वर्षांच्या कराराने भाजीपाल्यासाठी द्या. बांधकाम नाही, मालकी नाही, आरक्षणाचं काम निघालं की जागा रिकामी. यात कुणाचं काय बिघडतं?

गिरणगावकर:
बिघडतं असं, की आपल्याकडे बोट दिलं की मनगट धरतात. आधी गुरं येतात म्हणून तारेचं कुंपण. मग खुरपी-घमेली ठेवायला पत्र्याची शेड. मग शेडला लाइट. पुढच्या निवडणुकीपर्यंत शेडवर भाऊंचा फोटो आणि आत कॅरम. पुण्यात २०२१ मध्ये अमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी पालिकेकडे आलेल्या जागा, दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक का खवळले होते? सार्वजनिक जागा एकदा 'कुणाची तरी' झाली की सगळ्यांची राहत नाही. आमच्याकडच्या अशाच एका पडीक भूखंडावर पोरं संध्याकाळी क्रिकेट खेळतात. तुमच्या हिशेबात ती जागा 'विनावापर' धरली जाणार. तिथे वांगी लावून पोरांना कुठे पाठवता?

मातीतली_माणूस:
मी कृषी पदवीधर आहे, म्हणून आधी पाण्या-मातीचं बोलते. भाजी मिठाच्या पाण्यात धुतली की झालं, असं बरेच जण मानतात. धुतल्याने माती आणि बरेचसे जंतू जातात. पण सांडपाण्यातलं कॅडमियम, शिसं मुळातून आत शिरलं की ते पानात बसतं, ते नळाखाली धरून निघत नाही. यात सगळ्यात वाईट पालेभाज्या. भेंडी, टोमॅटो, दुधी अशा फळभाज्यांत त्यामानाने कमी उतरतं. आणि पक्याभाऊ, तुमच्या भूखंडावरचा राडारोडा म्हणजे जुन्या इमारतींचा रंग, प्लास्टर, काय काय. तिथे थेट जमिनीत पालक लावणं हे रुळांकडेच्या भाजीपेक्षा शहाणपणाचं आहेच असं नाही.

उपाय आहे. १९९० नंतर सोव्हिएत संघ कोसळला, क्युबाची डिझेल-खतांची आवक आटली, तेव्हा राजधानी हवानात पडीक प्लॉटवर कडेने विटा-पत्रे लावून उंच वाफे केले आणि त्यात बाहेरून आणलेली माती आणि कंपोस्ट भरलं. खालची जमीन कशीही असो, वाफा पुरेसा उंच असला तर मूळ बहुतेक वरच्या थरातच राहतं. आपल्याकडे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्याचं खत करून भाजी-फळं काढली गेली आहेत. तेव्हा आधी माती तपासा, मग फावडं उचला.

नाव_नको:
हवानातले लोक पोटासाठी राबत होते. इथे कोण राबणार? निवृत्त काका आणि शनिवारी सकाळी सेल्फीपुरते आयटीवाले. मला या धाग्यात एक गोष्ट खटकते. रुळांकडे आज जो माणूस पहाटे उठून माठाच्या जुड्या बांधतो, तो बहुतेक उत्तरेतून आलेला. त्याच्या नावावर काही नाही. परवानेवाल्याला पैसे देऊन तो कसतो. घाण पाणी तो हौसेने वापरत नाही, दुसरं पाणी त्याला कोणी देत नाही. त्याला हाकलायचं, आणि तीच जमीन टॉवरमधल्यांच्या 'कम्युनिटी फार्मिंग'ला? स्वच्छ पाण्याची जोडणी द्यायचीच असेल तर आधी त्याला द्या. शेती येणारा माणूस जागेवर आहे आणि आपण शेतकरी शोधतोय.

विक्रोळीचा पक्या:
@नाव_नको, मुद्दा पटला. कराराच्या यादीत सध्या कसणाऱ्याचं नाव पहिलं, हे माझ्या प्रस्तावात घाला. @गिरणगावकर, पोरं खेळतात त्या भूखंडाला हात लावा असं मी म्हटलेलं नाही. हायटेन्शन तारांखालची पट्टी, जलवाहिन्यांच्या कडेची जमीन, इथे कुठे क्रिकेट चालतं?

लीड्सकर:
इंग्लंडातून लिहितोय. इथे १९०८ च्या कायद्यापासून कौन्सिलवर रहिवाशांना भाजीचे तुकडे देण्याची जबाबदारी आहे. रूढ तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, भाडं वर्षाचं, आणि बऱ्याच ठिकाणी प्रतीक्षायादी लांबलचक. शेडची भीती जर्मनांनाही वाटली असावी. १९८३ च्या त्यांच्या कायद्यात खोपटं २४ चौरस मीटरपेक्षा मोठं चालत नाही. शिवाय किमान एक-तृतीयांश भागात फळं-भाजी हवीच, असा तिथल्या न्यायालयांनी लावलेला दंडक आहे.

गिरणगावकर:
तिथे २५ वं मीटर बांधलं की नोटीस येते. इथे नोटीस काढणाऱ्याचाच मेव्हणा शेडमध्ये बसलेला असतो. आणि 'आरक्षण आलं की रिकामी करू' म्हणता? न्यूयॉर्कमध्ये लोकांनी पालिकेच्या पडीक जागांवर बागा फुलवल्या. १९९९ मध्ये महापौर जुलियानी त्यातल्या शंभराहून जास्त लिलावात काढायला निघाले, तर आंदोलनं झाली, खटले झाले. शेवटी संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या. तुमच्या भूखंडावर उद्या दवाखाना यायचा असेल तेव्हा शेवग्याला मिठी मारून कोण बसणार आहे ते सांगा.

मातीतली_माणूस:
शेवगा लावू देऊच नका. करारात फक्त हंगामी पिकं, झाडं नाहीत. मेथी दीड महिन्यात निघते, तिला कोण मिठी मारतंय! माझी खरी चिंता एप्रिल-मेची. सोसायट्या टँकर मागवतात तेव्हा वाफ्याला पाणी कुठून? पावसाळा संपला की लावा, होळीला जागा मोकळी करा. उन्हाळाभर पोरांना खेळू दे.

गिरणगावकर:
हे जरा बरं आहे. पण फाटकाची किल्ली कुणाकडे?

लीड्सकर:
फाटक नकोच. आमच्या जवळच टॉडमॉर्डन नावाच्या गावात २००८ पासून रस्त्याकडेला, स्टेशनात, पोलीस ठाण्यासमोर भाज्या लावतात. ज्याला हवी त्याने तोडून न्यावी.

गिरणगावकर:
टॉडमॉर्डनच्या पोलीस ठाण्यासमोर शेळ्या सोडलेल्या नसतील.